चांगल्या पायाचं वय

ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात रोजची माणसं एकमेकांची विचारपूस करतात, पण पोलिओच्या पायाबद्दल कुणी विचारत नाही. तो लहानपणापासून जसा आहे तसा आहे. विचारतात ते दुसऱ्या पायाबद्दल. "चांगला पाय काय म्हणतोय?" मग कुणी सांगतं, गुडघा सुजलाय. कुणी सांगतं, काल पुलाच्या जिन्यात लटपटला. कुबड्यांवर चालणारे एक गृहस्थ खांद्याच्या एमआरआयची मोठी पिशवी मांडीवर धरून बसले होते. हाच डबा परळला टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कर्करुग्णांचा आणि गरोदर बायकांचाही असतो, त्यामुळे बसायला मिळणं नशिबावर. मुलुंड सोडलं की उभ्या राहणाऱ्यांत चालायला अवघड जाणारी माणसंही असतात.

या अंकासाठी संपादकांनी 'काम' हा विषय दिला, तेव्हा मला याच डब्यातल्या माणसांबद्दल लिहायचं होतं. वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी आलेलं अपंगत्व धरून ज्यांनी शिक्षण, नोकरी, संसार सगळं उभं केलं, आणि आता पन्नाशी-साठीत पोहोचल्यावर ज्यांचं शरीर पुन्हा बदलू लागलं आहे, अशी माणसं. त्यांतल्या बहुतेकांना वाटतं की हे म्हातारपण आहे, किंवा आपण आळशी झालोय. दोन्ही खरं नाही.

एका सरकारी बँकेत काम करणाऱ्या ताई मला याच डब्यात भेटल्या. त्या 58 वर्षांच्या आहेत. अकरा महिन्यांच्या असताना ताप आला, डॉक्टरांनी सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी उजवा पाय उचलेना. "सुईनं पाय गेला" ही गोष्ट महाराष्ट्रातल्या हजारो घरांत सांगितली जाते. त्यांची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, त्या दवाखान्यात नेलं नसतं तर पोर चालली असती. या समजुतीत तथ्य आहे. पोलिओचा विषाणू शरीरात शिरलेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकाला कायमचा लुळेपणा येतो. पण नेमक्या त्या दिवसांत स्नायूत इंजेक्शन दिलं गेलं तर त्या अवयवात लकवा येण्याचा धोका वाढतो, हे शास्त्रानं मान्य केलं आहे. साध्या तापाला सुई देण्याची आपल्याकडची जुनी सवय अनेक पायांना भोवली. डॉक्टरला कल्पना नव्हती, आईला तर नव्हतीच.

ताई उजवा हात मांडीवर दाबून चालतात. गुडघा सरळ ठेवणारा मांडीचा पुढचा स्नायू दुबळा असला की पाऊल टेकताना गुडघा दुमडतो. तो दुमडू नये म्हणून दर पावलाला मांडी हातानं मागे रेटायची. 50 वर्षं त्या अशाच चालत आल्या. आता त्या हाताचं मनगट रात्री बधिर होतं, आणि ज्याच्या भरवशावर सगळं चाललं होतं तो डावा पाय जिन्यात अचानक सुटतो.

शेजारच्या डीपीवरचा भार

मी ज्या पुनर्वसन-वैद्यक तज्ज्ञांना भेटले, त्यांनी मला कागदावर पाठीचा कणा काढून समजावलं. पोलिओचा विषाणू स्नायूला हात लावत नाही. तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. पेशी मेली की तिच्या अखत्यारीतले स्नायूतंतू पोरके होतात. मग वाचलेल्या शेजारच्या पेशी नवीन फाटे फोडतात आणि त्या पोरक्या तंतूंना आपल्याकडे घेतात. गावातला एक डीपी जळाला की वायरमन त्याच्यावरच्या मोटारी शेजारच्या डीपीवर टाकतो, तसंच. पाणी सुरू होतं, पिकं जगतात, आणि सगळे विसरून जातात की हा डीपी दुप्पट-चौपट भार ओढतोय. लहानपणी पोलिओनंतर वर्ष-दोन वर्षांत पायात जी थोडी ताकद परत आली, ती अशी आली होती. तीस-चाळीस वर्षांनी त्या जादा राबलेल्या पेशी थकतात. फोडलेले फाटे एकेक करून गळायला लागतात.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते ऐकून मी लिहिणं थांबवलं. एखाद्या स्नायूच्या निम्म्या चेतापेशी मेल्या तरी हातानं ताकद तपासणाऱ्या डॉक्टरला तो स्नायू धडधाकट वाटू शकतो. म्हणजे ज्या पायाला घरच्यांनी, डॉक्टरांनी आणि स्वतः त्या मुलीनं आयुष्यभर 'चांगला पाय' म्हटलं, तोही अनेकदा पोलिओतून गेलेलाच होता. त्याची तूट दिसली नाही इतकंच. म्हणूनच सगळा भार त्याच्यावर टाकला गेला.

या अवस्थेला पोलिओपश्चात लक्षणसमूह म्हणतात. नवीन अशक्तपणा, विश्रांतीनंही न जाणारा थकवा, स्नायू आणि सांध्यांचं दुखणं, थंडी सहन न होणं, काहींना झोपेत श्वासाचा त्रास. पोलिओतून वाचलेल्या दर शंभरांपैकी 25 ते 40 जणांना हे होत असावं, असा अंदाज आहे. हे संसर्गजन्य नाही आणि पोलिओ पुन्हा झालेला नसतो. खात्रीनं सांगेल अशी एकही रक्तचाचणी नाही. बाकी सगळी कारणं एकेक करून बाजूला सारायची, मग जे उरतं ते हे. आपल्याकडे ती बाकीची कारणं भरपूर. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता, मधुमेहानं खराब झालेल्या नसा, मानेचे-कमरेचे मणके. शिवाय तरुण डॉक्टरांनी पोलिओचा रुग्ण पाहिलेलाच नसतो. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. 'दो बूंद' वर वाढलेल्या पिढीसाठी हा आजार संपला. लसीकरणाच्या मोहिमा सुरू होण्याआधी देशात दर वर्षी दोन लाखांच्या आसपास मुलं याच्या तडाख्यात सापडत असावीत. त्यांतली जी जगली, ती आज चाळिशी ते सत्तरीत आहेत आणि त्यांतली पुष्कळ अजून कामावर जातात.

वैद्यकाला हे नवीन नाही. 1875 मध्ये पॅरिसमध्ये चेतारोगतज्ज्ञ शार्को यांच्यापुढे एका 19 वर्षांच्या तरुणाची कहाणी आली होती. तान्हेपणी पोलिओ झालेला, चामडं कमावण्याच्या कामावर असलेला, आणि आता नव्यानं अशक्त होत चाललेला. अंगमेहनतीच्या कामाचा याच्याशी संबंध असावा, ही शंका तेव्हाच घेतली गेली. नंतर शंभर वर्षं तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1984 मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्जला यावर परिषद भरली. ती घडवून आणणाऱ्यांत लॉरो हॉल्स्टेड हे डॉक्टर होते. त्यांना स्वतःला 1954 मध्ये पोलिओ झाला होता आणि तीस वर्षांनी त्यांचेही पाय पुन्हा दुबळे होऊ लागले होते.

बसून करायचं काम

कऱ्हाडमधल्या एका गल्लीत शिंपीकाकांचं दुकान आहे. वय 61. डावा पाय लहानपणी गेला. मिरजेच्या शासकीय प्रशिक्षण केंद्रात शिवणकाम शिकले आणि तेव्हापासून मशीनवर आहेत. त्या काळी अपंग मुलांसाठी ठरलेले धंदे होते. शिवणकाम, घड्याळदुरुस्ती, रेडिओदुरुस्ती, टायपिंग, नंतर एसटीडी बूथ. बूथ मोबाइलनं संपवले आणि त्या टपऱ्यांत आता वेफर्स-बिस्किटं लटकतात. निवड करताना विचार एकच असायचा, की काम बसून करता यावं. शिवणकाम बसून करतात हे खरं, पण पायमशीन चालतं पायानं.

"ताई, ह्या एका पायानं चाळीस वर्सं मशीन मारलं," काका उजव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. "त्या पायाला कदी काय झालं न्हाई, म्हणून त्याला कदी विचारलंच न्हाई." पाच-सहा वर्षांपूर्वी पॅडल मारताना पोटरीत गोळे यायला लागले. मग शिलाई वाकडी जायला लागली, कारण पायाचा ठेका चुकायचा. लोकांनी डोळे तपासायला सांगितले. चष्मा आधीच होता.

त्यांनी काय काय बदललं ते मी बराच वेळ बघत बसले. मशीनला मोटर बसवली, पण मोटरची पायपट्टीही पावलानंच दाबायची असते आणि पाऊल सारखं उचलून धरायला त्रास व्हायचा. मग सुताराकडून आडवी फळी मारून घेतली आणि पट्टी तिच्यावर उभी ठोकली. आता ते ती गुडघ्याच्या बाजूनं दाबतात. कटिंग पूर्वी टेबलाशी उभं राहून व्हायचं. ते पुतण्याकडे गेलं. पँट आणि सफारी बंद केली, कारण जाड कापड ओढताना खांदा दुखतो. ब्लाउज, फॉल-पिको आणि अल्टरेशन एवढंच ठेवलं. इस्त्रीचं काम बाहेर दिलं, तेवढी मिळकत कमी झाली. दुपारी एकनंतर शटर अर्धं खाली येतं आणि काका दुकानातच सतरंजीवर आडवे होतात. तीनला पुन्हा सुरू. दिवाळी म्हणजे शिंप्याचा मुख्य हंगाम, पण दसऱ्यानंतर ते नवीन माप घेत नाहीत. जुनी गिऱ्हाइकं रागावून जातात.

"लोकं म्हणत्यात टेलर आळशी झाला. म्हणू देत. पूर्वी मी दमलो की बसायचो. आता दमायच्या आधी बसतो."

त्यांना हे कुणी डॉक्टरनं सांगितलेलं नाही. मुंबईच्या तज्ज्ञांनी मला नेमकं हेच सांगितलं होतं. थकवा येण्याआधी थांबायचं. दिवसाचं काम तुकड्यांत करायचं. जो स्नायू आधीच जास्त राबतोय त्याला व्यायामानं आणखी पिळायचं नाही. हलका, न दमवणारा व्यायाम चालतो, पाण्यातला उत्तम. बरं करणारं औषध नाही, पण ताकद पुरवून वापरता येते. हे ऐकायला सोपं वाटतं. ज्याचं घर कपड्यामागे मिळणाऱ्या पैशांवर चालतं त्याला अर्ध्या दिवसाची विश्रांती म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी आहे. काकांना मालक नाही, रजा नाही, विमा नाही. दोन मुलींची लग्नं झाली आहेत आणि बायको पापड लाटते, म्हणून ते दसऱ्यानंतर माप नाकारू शकतात. जे नाकारू शकत नाहीत त्यांच्या पायाचं काय होत असेल, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांच्याबरोबर मिरजेत शिकलेला एक जण दोन वर्षांपूर्वी पडला, पोलिओच्या पायाचं हाड मोडलं आणि तो पुन्हा मशीनवर बसला नाही. त्या पायाचं हाड बारीक असतं, वापर नसल्यानं ठिसूळ असतं, आणि तोल गेला की माणूस नेमका त्याच बाजूला पडतो.

परत आलेले कॅलिपर

मुंबईत पोलिओग्रस्तांच्या पुनर्वसनाचा धागा हाजीअलीशी जोडलेला आहे. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्यावर उपचार शोधता शोधता त्यांनी 1947 मध्ये इतर मुलांसाठीही दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. 1955 मध्ये त्याच परिसरात केंद्र सरकारची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था आली. पन्नाशी ओलांडलेल्या किती तरी पोलिओग्रस्तांचं बालपण हाजीअलीच्या बसमध्ये गेलं आहे.

मध्य मुंबईतल्या, पायाला आधार देणारे कॅलिपर बनवणाऱ्या ज्या कार्यशाळेत मी गेले, तिथं लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि बूट यांचा एकत्र वास येत होता. पूर्वी इथं मुलं यायची, दर वर्षी पाय वाढला की नवीन माप. आता मुलं आली तर ती दुसऱ्या आजारांची. पोलिओचे येतात ते पन्नाशीतले. त्यांतले बरेच जण सोळा-सतराव्या वर्षी कॅलिपर माळ्यावर टाकून मोकळे झालेले असतात. कॉलेजात कुणाला ते घालायचं नसतं. गुडघ्याशी उठता-बसता खटका वाजायचा, साडी-पँट अडकायची, बूट विचित्र दिसायचा. हात मांडीवर ठेवून का होईना, चालता येत होतं. आता गुडघा मागच्या बाजूला वाकायला लागला की तीच माणसं पुन्हा माप द्यायला येतात.

तिथले कारागीर म्हणाले, सगळ्यात कठीण काम पट्टी वाकवण्याचं नसतं, माणसाला तयार करण्याचं असतं. नवीन कॅलिपर प्लास्टिकचं, हलकं असतं, पँटखाली दिसतही नाही. तरी पहिल्या दिवशी बरेच जण ते हातात घेऊन घरी जातात.

शाल आणि श्रीफळ

बँकेतल्या ताईंच्या घरी भिंतीवर मानपत्रं आहेत. 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, ठिकठिकाणी सत्कार होतात. त्यांतल्या एका मानपत्रात लिहिलं आहे की लिफ्ट बंद असतानाही त्या तिसऱ्या मजल्यावर चढून वेळेवर हजर राहिल्या. ताई ते वाचून म्हणाल्या, "तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. आज वाटतं, त्या दिवशी लिफ्ट दुरुस्त करायला हवी होती आणि मला खाली टेबल द्यायला हवं होतं."

मला वाटतं, पोलिओग्रस्तांच्या त्या पिढीवर आपण 'जिद्द' नावाची जी सक्ती केली, तिची किंमत ते आता मोजत आहेत. लहानपणी व्यायामशाळेत सांगितलं, वापरशील तरच पाय राहील. शाळेत सांगितलं, इतरांपेक्षा एक पाऊल पुढे राहा. नोकरीत सांगितलं नाही, पण दिसत होतं की कुणी "आरक्षणातून आलेली" म्हणू नये म्हणून ती इतरांपेक्षा जास्त काम करत होती. 1977 पासून केंद्राच्या खालच्या दोन गटांतल्या नोकऱ्यांत अपंगांना 3 टक्के जागा होत्या. त्या जागेवर बसलेल्या प्रत्येकानं ती जागा रोज पुन्हा कमावली. वर बाईमाणूस असेल तर संध्याकाळी ओटा होताच. ताईंनी 25 वर्षं उभ्यानं पोळ्या केल्या. आता त्या उंच स्टुलावर बसून करतात, आणि सासूबाई गेल्यानंतरच तो स्टूल घरात आला.

चाकाच्या खुर्चीचा विषय निघाला तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मराठी वाचकाला ही खुर्ची नसीमा हुरजूक यांच्यामुळे माहीत झाली. किशोरवयातच दोन्ही पाय गेले, तरी कोल्हापुरात त्यांनी हजारो अपंगांसाठी काम उभं केलं. आत्मचरित्राला नावही 'चाकाची खुर्ची' दिलं. पण जे 50 वर्षं चालत आले त्यांच्यासाठी खुर्चीत बसणं वेगळं असतं. नातेवाईक म्हणतात, "आता खुर्चीवर आलीस?" ताईंनी शेवटी खुर्ची घेतली, पण फक्त लांबच्या अंतरासाठी. स्टेशन, लग्नाचं कार्यालय, मॉल. त्यामुळे संध्याकाळी घरी पोहोचल्यावर भाजी चिरायला हात शिल्लक राहतो, हे त्यांनी आठवड्याभरात ओळखलं.

टक्के

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर एक आकडा असतो. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात, सांधा किती वळतो, पाय किती आखूड आहे, तोल कसा आहे हे पाहतात आणि त्यातून टक्के काढतात. दुपारी तीनला अंगातलं त्राण जातं, हे या मोजमापात कुठे बसत नाही. सकाळी दहाला तपासणी झाली तर माणूस सकाळी दहाचा असतो.

दिव्यांगांच्या नव्या यूडीआयडी कार्डाला रंग आहेत. 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 आणि पुढे निळं. एखाद्याचे 55 चे 70 झाले तरी कार्ड पिवळंच राहतं. त्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून खऱ्या माणसांनाही पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं. 'विशेष संवर्ग भाग 1' मधून बदलीत सूट मिळालेल्या एका जिल्हा परिषद शिक्षकानं मला सांगितलं की त्याला पाय जास्त दुबळा झाल्याची नोंद करून घ्यायची होती, पण फेरतपासणीत आहे तेही कमी लिहितील या भीतीनं त्यानं तोंड मिटलं. तो फळ्यावर लिहिताना एका हातानं फळ्याची चौकट धरतो.

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा या बाबतीत प्रमाणपत्रापेक्षा पुढचा आहे. त्याच्या कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेनं दिव्यांग कर्मचाऱ्याला काम करता येईल अशी वाजवी सोय आणि अडथळे नसलेली जागा दिली पाहिजे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या जागी त्याच वेतनश्रेणीत पाठवायचं, तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं. आधीच्या 1995 च्या कायद्यातही असंच संरक्षण होतं आणि 2003 मध्ये कुणाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे उचलून धरलं होतं. कार्यालयांत मात्र एक युक्तिवाद ऐकू येतो. तुम्ही तर आधीपासूनच अपंग आहात, त्याच कोट्यातून आलात, मग नवीन काय झालं? माझ्या मते याचं उत्तर त्याच कलमात आहे. वाजवी सोय ही नोकरीला लागताना एकदा द्यायची भेट नाही. गरज बदलली की सोय बदलली पाहिजे. पण हे मागणाऱ्यानं लिहून मागावं लागतं आणि मागायची सवय या पिढीला कुणी लावलेली नाही. बहुतेकांसमोर सहकारी एकच मार्ग ठेवतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या आणि आराम करा. पाच-सात वर्षांचा पगार, बढती आणि घराबाहेरचं जग या आरामात जातं.

ताईंनी स्वेच्छानिवृत्तीचा भरलेला अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात पुनर्वसन तज्ज्ञांचं पत्र जोडलं आणि तीन गोष्टी मागितल्या. तळमजल्यावरची, घराजवळची शाखा. गर्दीच्या गाडीआधी किंवा नंतर येता यावं म्हणून वेळेत अर्ध्या तासाची सवलत. हात टेकता येणारी खुर्ची आणि तिच्या उंचीचं टेबल. वरिष्ठांनी आधी तोंडी सांगितलं, बघू. लेखी उत्तर मागितल्यावर फाईल हलली. चार महिन्यांनी शाखा मिळाली, खुर्ची मिळाली, वेळेची सवलत अजून "विचाराधीन" आहे.

नव्या शाखेच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. तिथं उतार बांधावा म्हणून ताईंनी आता तिसरा अर्ज तयार केला आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणारे पेन्शनर याच पायऱ्यांवर एकमेकांना हात देत चढतात. त्यांच्या सह्या गोळा करायला त्यांनी काउंटरवर एक कोरा कागद ठेवला आहे. निवृत्तीला 19 महिने आहेत.